चौदा नंबरचा निरोप

मला राग लवकर येतो, हे आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी शिवणकाम करते म्हणून मला सुईबाई म्हणतात. जिभेमुळेही म्हणतात, पण ते मला कळत नाही असा त्यांचा समज आहे. तर ही हकिगत मी रागातच सांगणार आहे. कुणाला गोड करून ऐकायची असेल तर त्यांनी हेडबाईंकडे जावं. गोड करून सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि त्यातच माझा घात झाला.

आमचे हे एकतीस वर्षं बस चालवायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा उरला, तो म्हणजे ‘गाढवा’. मध्येच गाडी घुसवणाऱ्यांना जन्मभर तो बहाल केला होता, तोच जिभेवर राहिला. भूक लागली तरी गाढवा, कूस बदलायची असली तरी गाढवा, आणि कधी मी केस विंचरून देताना अगदी हळू आवाजात गाढवा. मला सगळे कळतात. पण यांना एकटं सोडता येत नाही. आपले दोन्ही पाय धड आहेत असं यांना अजून वाटतं, उठायला जातात आणि आपटतात. साधं पाणी प्यायले तरी ठसका लागून जीव घाबरा होतो. मूलबाळ नाही. त्यामुळे शिलाई मशीन यांच्या पलंगाला लावून ठेवलं आहे आणि माझं जग त्या दोन वस्तूंमध्ये मावतं.

तीन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना माझ्या डाव्या छातीत गाठ लागली. डॉक्टरीण म्हणाली, सुई घालून तुकडा काढून तपासायला हवा, आणि लवकर. सुईबाईला सुई, मी म्हटलं, आणि हसले. ती हसली नाही. पहिल्या तारखेला यांच्याजवळ बसायचं कबूल केलेल्या शेजारणीचं लेकरू आजारी पडलं. दुसऱ्या तारखेला यांनाच ताप भरला. तिसरी तारीख मंगळवारची, सकाळी साडेदहाची. पत्रात खाली छापलं होतं की या वेळीही गैरहजर राहिल्यास नाव यादीच्या शेवटी जाईल. यादी चार महिन्यांची होती. चार महिन्यांत ती गाठ काय काय करू शकते, हे मी डॉक्टरणीला विचारलं नाही आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

म्हणून रविवारी उपासना संपल्यावर मी आमच्या चर्चच्या पाळकांना दारातच गाठलं. माझं बोलणं मला शब्दन्‌ शब्द आठवतं, कारण आदल्या दिवशी काम करताना मी ते घोकलं होतं. मंगळवारी नऊ ते एक यांच्याजवळ बसायला कुणीतरी एक माणूस हवं. काही करायचं नाही, उठायला लागले तर बसा म्हणायचं. मला हॉस्पिटलात तपासणीला जायचंय आणि ती चुकवून चालणार नाही. पाळकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले की निश्चिंत राहा, आजच साखळीवर घालतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ते कृतज्ञतेचं होतं. आता त्या पाण्याचीही चीड येते.

साखळी म्हणजे काय ते सांगते. आमच्या मंडळीत बावीस जणांची प्रार्थनेची साखळी आहे. कुणाची अडचण आली की एक नंबर दोन नंबरला फोन करतो, दोन तीनला, असं बावीसपर्यंत. निरोप जसाच्या तसा द्यायचा, काना-मात्रा बदलायची नाही. फोन ठेवला की लगेच प्रार्थना करायची. प्रत्येकाकडे फक्त पुढच्याचा नंबर. आणि सगळ्यात मोठा नियम असा की निरोपात नाव नाही, पत्ता नाही, आजार नाही. फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सुनेच्या दुखण्याची चर्चा गावभर झाली आणि दोन घरांत बोलणं बंद झालं, तेव्हापासून हा नियम. शब्द बांधायचं काम एक नंबरकडे, म्हणजे हेडबाईंकडे. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी लाल पेन काही सुटलं नाही. मोबाइलवरचे ग्रुप त्यांना चालत नाहीत, तिथे लोक फुलांची चित्रं पाठवतात म्हणून. मी त्या साखळीत चौदावी. तेरावा औषधवाला, आणि माझ्यानंतर पंधरावे घड्याळजी. ते घड्याळं दुरुस्त करतात. विधुर आहेत आणि बोलणं मोजून मापून.

सोमवारी सकाळी मी एका पँटची झिप बदलत होते तेव्हा औषधवाल्याचा फोन आला. निरोप असा होता: ‘आपली एक भगिनी दीर्घ परीक्षेतून जात आहे. ती थकली आहे. तिला धीर व सामर्थ्य लाभावं म्हणून प्रार्थना करा.’

आता हसायचं असेल तर हसा. मी फोन ठेवला, डोळे मिटले आणि त्या भगिनीसाठी प्रार्थना केली. अगदी मनापासून केली. म्हटलं, प्रभू येशू, कोण बिचारी आहे ती तुला माहीत आहे, तिच्या पाठीशी उभा राहा. वर मनात असंही आलं की माझं आपलं बरं आहे, माझ्यासाठी निदान उद्या कुणीतरी येणार आहे. मग घड्याळजींना फोन लावला, निरोप शब्दन्‌ शब्द सांगितला, ते आमेन म्हणाले, आणि मी पुन्हा झिपला लागले. माझा निरोप दुसरा असेल, तो संध्याकाळी येईल, किंवा माझ्यापर्यंत कशाला येईल, मलाच कसा पाठवतील, असं मी धरून चालले होते. येशूने त्या क्षणी कपाळावर हात मारला असेल.

मंगळवारी मी सहाला उठले. यांची दाढी केली, सूप भरवलं, कपडे बदलले. बसणाऱ्या माणसासाठी खुर्चीवर धुतलेली उशी ठेवली आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं की पाणी चमच्यानेच, पावडर घालून घट्ट करून. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. जिन्यात पावलं वाजली की मी दार उघडत होते. दोनदा वरच्या मजल्यावरचे लोक निघाले, एकदा मांजर. नऊ पंचविसाला पाळकांना फोन लावला तर तो बंद.

बंद का, ते मला माहीत होतं. मंगळवारी साडेनऊ ते साडेदहा मंडळीच्या हॉलमध्ये ‘प्रभूचं ऐकण्याचा तास’ असतो. गोल करून बसायचं, एक उतारा वाचायचा, मग गप्प राहून येशू काय म्हणतो ते ऐकायचं आणि वहीत लिहायचं. यांना झटका येण्याआधी मीही जायची. तिथे कोण कोण असतं तेही मला ठाऊक होतं. साखळीतले अठरा जण. सगळे त्या वेळेला मोकळे, सगळे इथून चार गल्ल्यांवर, आणि सगळ्यांनी काल माझ्यासाठी प्रार्थना केलेली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थकलेली भगिनी. दीर्घ परीक्षा. मी नऊ ते एक म्हटलं होतं, मंगळवार म्हटलं होतं, एक माणूस म्हटलं होतं. ते सगळं घासूनपुसून काढून टाकलं आणि धीर तेवढा ठेवला. धीर माझ्याकडे ढिगाने होता. मला माणूस हवं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीत मीही फुंकर घातली होती, कारण ती बोलाचीच कढी मीच पुढे वाढली होती, आमेन म्हणून.

मी यांना चाकाच्या खुर्चीत घातलं. एरवी त्याला वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी आठ लागली. हे म्हणाले, “गाढवा?” मी म्हटलं, “हो, त्यांच्याकडेच चाललोय.”

हॉलचं दार ढकललं तर आत चिडीचूप. अठरा खुर्च्या, अठरा मिटलेले डोळे, मांडीवर अठरा वह्या. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. मी खुर्ची ढकलत बरोबर मधोमध नेली आणि ब्रेक लावला. पाळकांनी डोळे उघडले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “भगिनी, आपण ऐकण्याच्या वेळेत आहोत.”

“मग ऐका,” मी म्हटलं. “काल तुम्ही सगळ्यांनी जिच्यासाठी प्रार्थना केलीत ती भगिनी मी. मला धीर नको होता. मला मंगळवारी नऊ ते एक यांच्याजवळ बसायला एक माणूस हवं होतं. माझ्या छातीत गाठ आहे. साडेदहाला तिची तपासणी आहे आणि आज गेले नाही तर चार महिने थांबावं लागेल. हे मी रविवारी पाळकांना सांगितलं होतं. येशू काय सांगतो म्हणून तुम्ही दर आठवड्याला कान लावून बसता. मी पण बसायची. मी भुकेला होतो, मी आजारी होतो, तुम्ही आलात का, हे तो किती वर्षं झाली सांगतोय, आणि आपण दरवेळी नवीन वही काढून तेच लिहून घेतो. लिहायचं थांबवा. हे माझे यजमान. उठायला लागले तर बसा म्हणा. पाणी चमच्याने. कागद आणि पावडरची पुडी त्यांच्या खिशात आहे.”

यांनी हेडबाईंकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “गाढवा.”

मी वळले आणि निघाले. मागे वळून पाहिलं असतं तर थांबले असते, म्हणून पाहिलं नाही.

बसमध्ये मात्र डोकं ठिकाणावर आलं. आपण काय करून बसलो? ज्यांना साधा निरोप धड पोचवता येत नाही, त्यांच्या हवाली नवरा केला. कुणीतरी प्रेमाने ग्लासभर पाणी पाजेल आणि मग सगळे मिळून प्रार्थना करतील. हॉस्पिटलात पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. खिडकीतल्या बाईने घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला मी अठरा धार्मिक लोकांच्या ताब्यात देऊन आलेय, मला परत पाठवू नका. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि शेवटी घेतो, बसा म्हणाली. देवाधर्माचं एक अक्षर न बोलता त्या बाईने माझं ऐकलं, हे मी इथे मुद्दाम सांगते.

एक वाजता सुई झाली. डॉक्टरणीने गाठ चाचपून विचारलं की दोन महिन्यांपूर्वी का आला नाहीत. मी काय सांगणार? पुढच्या शुक्रवारी निकाल, सोबत कुणाला तरी घेऊन या, असं ती म्हणाली. सोबत कुणाला आणायला का सांगतात ते मला कळतं.

दोनला हॉलवर परतले. अठरातले पंधरा गेले होते. राहिलेल्या तिघांत पाळक होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हेडबाई गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होत्या. घड्याळजी यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. आणि आमचे हे गायकवृंदाचा पांढराशुभ्र झगा घालून बसले होते. पँट ओली झाली होती, दुसरं काही सापडलं नाही. एरवी मी पोट धरून हसले असते.

हेडबाईंनी उठून मला वही दाखवली. ऐकण्याच्या तासाची वही. वर आजचा उतारा सुंदर अक्षरात, आणि खाली: ‘दहा दहा, उठू लागले, बसा म्हटलं, बसले. साडेदहा, पाणी तीन चमचे. अकरा वीस, डावीकडे कलंडले, तिघांनी मिळून सरळ केलं. बारा, गाढवा म्हणाले, म्हणजे लघवी, पण आम्हाला उशिरा समजलं.’ मी वाचत असताना त्या खाली मान घालून उभ्या होत्या. म्हणाल्या की मंगळवार आणि वेळ घातली असती तर लोकांना ओळख पटली असती, म्हणून काढून टाकली. ओळख पटायलाच हवी होती, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी मान हलवली. लाल पेन त्यांच्याजवळ दिसलं नाही.

पाळक पुढे आले. या वेळी त्यांनी माझे हात धरले नाहीत. “तुम्ही मंगळवार म्हणालात,” ते म्हणाले, “तेव्हा माझ्या मनात आलं, मंगळवारी तर आपला तास असतो, कुणी मोकळं नसणार. त्यानंतरचं मी ऐकलंच नाही.” मग म्हणाले की मला माफ करा. मी म्हटलं, आज जमणार नाही, पुढच्या शुक्रवारी पुन्हा नऊ ते एक जायचंय, आधी ते बघा. आठला येतो, ते म्हणाले, मी स्वतः. येणार का ते आले की कळेल.

मी यांची ओली पँट पिशवीत भरत होते. मंडळीवरचा राग अजून तसाच धगधगत होता आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडी मजाही वाटत होती. एवढ्या जणांत बरोबर असलेली मी एकटीच. तेवढ्यात घड्याळजी जवळ आले. राग येणार नसेल तर एक सांगू का, असं त्यांनी विचारलं. राग आलेलाच आहे, सांगून टाका, मी म्हटलं.

“काल तुमचा आवाज थकलेला वाटला,” ते म्हणाले. “विचारावंसं वाटलं होतं. पण नियम आहे ना. आणि मला वाटलं, तुम्हीही तेव्हा विचारलं नव्हतं.”

“तेव्हा म्हणजे कधी?”

“गेल्या थंडीत. मी पाळकांना म्हटलं होतं की आठवड्यातून एकदा कुणी जेवायला बोलावलं तर बरं होईल. हिच्यामागे घरात एकट्याने घास उतरत नाही. मग दोन दिवसांनी तुमचा फोन आला. ‘आपल्या एका बांधवाला एकांतात प्रभूची सोबत लाभावी म्हणून प्रार्थना करा.’ मी आमेन म्हणालो. मला वाटलं, आवाजावरून तुम्हाला कळेल.”

मला ती सकाळ आठवली. तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या तशाच ठेवून मी अर्धं मिनिट डोळे मिटले होते, कोण बांधव आहे बिचारा म्हणून. नंतर कपड्याची शिवण उसवत बसले होते. माझ्या घरात त्या दिवशी सूप उरलं होतं आणि मी ते संध्याकाळी ओतून दिलं होतं. दर वेळी ओतते. कुसळ आणि मुसळाची गोष्ट मी लहानपणापासून पाठ म्हणत आले आहे, आणि पाठ म्हणण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

“आता काही नाही,” घड्याळजी म्हणाले. “सवय झाली.”

“सवय गेली खड्ड्यात,” मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की हेडबाईंच्या हातातलं फडकं पडलं. “आज सात वाजता जेवायला यायचं. उद्याही. आणि उशीर केलात तर दार उघडणार नाही.”

घड्याळजी सरळ यांच्या मागे गेले, खुर्चीचा ब्रेक काढला आणि दाराकडे ढकलू लागले. झग्याची टोकं चाकात जाऊ नयेत म्हणून मी ती हातात धरून बाजूने चालत राहिले. चार गल्ल्या आम्ही तिघं तसेच गेलो. वाटेत मी घड्याळजींशी एक शब्द बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि मला अजून रागावायचं होतं.